इंग्रजीतील घरगुती पत्र



आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांस वाटले असेल, की शाळेच्या वर्गातला हा धडा व्याख्यानमालेत कशाला? परंतु आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील नातवंडे परदेशी वाढत आहेत. मराठी त्यांच्या कानाला कळते. देवनागरी अक्षर मात्र वाचता येत नाही. अशा नातवाला पत्र लिहायचे तर ते इंग्रजीतच लिहावे लागते, आणि तेथेच लेखणी अडते. ती इंग्रजी येत नाही म्हणून अडते असेही नाही. तीस वर्षे कचेरीत इंग्रजी खर्डे लिहिलेला मनुष्य नातीला पत्र लिहावयास बसतो, आणि लिहून होतो तो अर्ज!

याचे कारण उघड आहे. आमच्याकडे इंग्रजी पत्र आले ते कचेरीच्या दाराने. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, तक्रारअर्ज, एवढ्यावरच आमचा हात बसला. म्हणून 'आय बेग टु स्टेट' आणि 'काइंडली डू द नीडफुल' ही वाक्ये सवयीने कागदावर उतरतात. त्यांत व्याकरणाची चूक नाही; पण त्यांत आजोबाही नाहीत.

कचेरीने माणसाची लेखणी कायमची वाळते असे मात्र कोणी समजू नये. निबंधकार चार्ल्स लॅम हा १७९२ पासून १८२५ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहीत होता. त्याच लॅमला कवी वर्ड्‌स्वर्थने आपल्या डोंगराळ मुलुखात येण्याचे निमंत्रण दिले. १८०१ साली त्याने त्याला नकार कळविला, तो कसा? लंडनचे रस्ते, दिव्यांनी उजळलेली दुकाने, तिथली गर्दी यांवर आपला किती जीव आहे, हेच त्याने भरभरून लिहिले. असा नकार वाचून कोण रागावेल? बोलताना जसा असेल तसाच माणूस कागदावर उतरला, एवढेच त्या पत्राचे रहस्य.

आता पत्राच्या अंगांकडे वळू. वर उजव्या कोपऱ्यात आपला पत्ता आणि तारीख. महिना अक्षरांनी लिहावा. कारण ४/७ हा आकडा इंग्लंडात चार जुलै, तर अमेरिकेत सात एप्रिल होतो. मग डाव्या बाजूस 'डिअर' आणि नाव. हा 'डिअर' अनोळखी माणसालाही चालतो, म्हणून तो लिहिताना संकोच नको. नात्याचे शब्द मात्र भाषांतरित करू नयेत. इंग्रजीने मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना एकाच 'आँट'मध्ये कोंबले आहे. आपण रोमन अक्षरांत सरळ 'मावशी' लिहावे. पोराला ती कोण हे लगेच कळते.

मजकुराची सुरुवात प्रकृतीच्या ठराविक चौकशीने करण्यापेक्षा त्याच्याच मागल्या गोष्टीने करावी. सामना जिंकलात का? दात पडला तो जपून ठेवला का? मग आपल्याकडचे एकच काहीतरी नीट सांगावे. 'सर्व क्षेम' या दोन शब्दांपेक्षा, चैत्राच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ करताना आजीने कैरी किती आंबट निघाली म्हणून कशी कुरकुर केली, हे चार ओळींत लिहिलेले बरे. 'आंबेडाळ' हा शब्द तसाच ठेवून ती काय असते ते पुढे एका वाक्यात सांगावे. वाक्ये लहान असावीत. बोलताना होतो तसा 'डू नॉट'चा 'डोन्ट' येथे खुशाल करावा. अर्जात तो शोभत नाही, घरच्या पत्रात शोभतो.

एक सावधगिरी हवी. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिघांना आजच्या इंग्रजीत एकच 'यू' आहे. आपल्याकडे 'फोटो पाठवा' म्हटले की त्या 'वा'मध्ये आदर येऊन जातो. इंग्रजीत 'सेंड मी द फोटो' एवढेच लिहिले तर सूनबाईंना तो हुकूम वाटेल. तेथे 'कुड यू' किंवा 'वुड यू' म्हणून विचारावे. आदर क्रियापदाच्या शेपटीत नाही, तर वाक्याच्या तोंडाशी ठेवायचा.

शेवटी 'युअर्स फेथफुली' नको. ते 'डिअर सर'च्या जोडीचे आहे. ओळखीच्या गृहस्थास 'युअर्स सिन्सिअरली' पुरे. घरच्यांस 'विथ लव्ह' लिहावे. आपल्या 'अनेक आशीर्वाद' इतकेच ते साधे आहे. आणि खाली पदवीसह पूर्ण सही न करता नुसते 'आजोबा' लिहावे.

कोणी विचारील, दूरध्वनीवर रोज चेहरा दिसतो, मग पत्र कशाला? १९२८ च्या उन्हाळ्यात नेहरू अलाहाबादेत होते आणि दहा वर्षांची इंदिरा मसुरीला. पृथ्वी कशी झाली, माणूस कोठून आला, हे त्यांनी तिला इंग्रजी पत्रांतून सांगितले. १९२९ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. आपल्या पत्रांचे पुस्तक होणार नाही. पण बोलणे संपले की विरते, आणि पत्र खणात राहते. पोर मोठे होईल, आपण नसू, आणि एखाद्या दिवशी ते खण उघडील. त्या वेळी त्याच्या हाती अर्ज पडू नये, आजोबा पडावेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.