खरे लिहू, पुराव्याने लिहू
(विहाराच्या वर्धापनदिनी अवसरी बुद्रुक येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीत काम करणारी माणसे. कायद्याची पदवी आमच्याकडे नाही. पाळी सुटल्यावर वाचायची सवय लागली, तेव्हा कळले की वकिलांची स्वतःची नियतकालिके असतात. मुंबईत १८९९ साली 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' निघाले, नागपूरहून 'ऑल इंडिया रिपोर्टर' निघाले. कोणत्या खटल्यात कोर्टाने काय ठरवले ते त्यात छापतात आणि वकील तेच दाखवून आपली बाजू लढवतात. आपल्या वस्तीत मात्र कायदा येतो तो धमकी होऊन. रेशनचे धान्य कमी का, रस्त्याचा निधी कुठे गेला, असे कुणी अर्जात लिहिले की समोरून उत्तर येते, "अब्रूनुकसानीचा दावा ठोकीन!" कोर्टाची पायरी नको म्हणून गरीब माणूस अर्ज मागे घेतो आणि विषय तिथेच मरतो. म्हणून आज या एकाच शब्दावर बोलायचे आहे.

आपल्या पुण्यातलाच खटला घ्या. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात जहाल टीका होती. फिर्याद झाली. लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, छापणारे रामचंद्र लाड, इतकेच काय, प्रस्तावना लिहिणारे बागडे वकीलसुद्धा आरोपी! खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. १९२६ साली अपिलात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. वकिली सुरू करून त्यांना तीनेक वर्षेच झाली होती. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर. बाबासाहेबांनी अपील जिंकले, सगळे निर्दोष सुटले. हे काम घोषणांनी झाले नाही बंधूंनो, ते कायद्याच्या अभ्यासाने झाले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले होते ती बनावट निघाली. हेतू चांगला असला तरी कागद खोटा असेल तर माणूस अडकतो. त्याच खटल्यात जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे जामीन राहिले, हेही आपण विसरू नये.

मग कायदा म्हणतो काय? १८६० च्या दंडसंहितेत हे कलम ४९९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. पण त्याच कलमात दहा अपवाद आहेत, आणि धमकी देणारा ते कधी सांगत नाही. गोष्ट खरी असेल आणि ती सांगणे लोकहिताचे असेल, तर ती बदनामी नाही. सरकारी नोकराच्या सरकारी कामाबद्दल सद्‌भावनेने मत मांडले, तर ती बदनामी नाही. अधिकार असलेल्या वरिष्ठाकडे सद्‌भावनेने तक्रार केली, तर तीही नाही. शिवाय हा गुन्हा जामीनपात्र आहे, आणि पोलीस वॉरंटाशिवाय यात अटक करू शकत नाहीत. ज्याची अब्रू गेली म्हणतात त्याला स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर फिर्याद द्यावी लागते. दिवाणी दावा वेगळा, त्यात पैशाची भरपाई मागतात.

सद्‌भावना म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. लिहिण्याआधी नीट चौकशी केली होती का, हे कोर्ट विचारते. म्हणून अर्जात "अमका चोर आहे" असे लिहू नये. "अमक्या तारखेला इतके किलो धान्य मिळाले, कार्डावर इतके लिहिले आहे, पावती सोबत जोडली आहे," असे लिहावे. शिवी सिद्ध करता येत नाही, आकडा सिद्ध करता येतो. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी.

तरुण मित्रांना खास सांगणे. त्या पुस्तकात मुद्रकही आरोपी झाला होता. आज तुमच्या खिशातला मोबाईल हाच छापखाना आहे. दुसऱ्याने लिहिले, आम्ही फक्त पुढे पाठवले, एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. आणि कायदा बाजूला ठेवा. शेजारच्या लेकीबाळीबद्दल, सासुरवाशिणीबद्दल खोटेनाटे पसरवले तर तिची अब्रू कोणते कोर्ट परत आणून देणार? गरिबाकडे दावा लावायला पैसा नसतो, पण अब्रू त्यालाही असते. सम्यक वाचा आपण रोज म्हणतो, ती बोटांनाही लागू आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. मिळालेली वाचा धमकीने गमवायची नाही आणि खोट्याने नासवायची नाही. विहाराच्या वाचनालयात न्याय संहितेची एक मराठी प्रत ठेवावी, आणि महिन्यातून एका रविवारी चार शिकलेल्या मुलांनी बसून वस्तीतल्या लोकांना अर्ज लिहून द्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम!