सभागृहाचे दार
(ज्ञातिमंडळाच्या उलवे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या सभागृहाचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आपणांपैकी बहुतेकांचे वाडवडील पोटासाठी कोकणातून मुंबईस आले. गिरणगावात त्यांस पहिला आसरा दिला तो गावकीच्या खोलीने. एका गावचे अनेक गडी एका खोलीचे भाडे वाटून घेत, पाळीप्रमाणे निजत आणि ज्याचे काम सुटे त्याचा भार उचलीत. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पैसे पगार झाल्यावर. संपाच्या दिवसांतही या बायांनी उधारीवर जेवू घातले. त्यांस सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगारांची चूल संकटात आली, तेव्हा अशा आधाराचे मोल सर्वांस कळले.

हा आधार केवळ आप्तांनीच दिला असे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने कामगारांसाठी होते. १९२७ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी नागपाड्यात नेबरहूड हाउस उघडले. वस्तीच्या मध्यभागी एक घर असावे आणि तेथे शेजाऱ्याने शेजाऱ्यास हात द्यावा, ही त्यामागील कल्पना. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ साली तेथेच सुरू झाली.

आता आपल्या उलव्याकडे पाहू. २०१८ साली खारकोपरपर्यंत आगगाडी आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे आदी गावांच्या मूळ रहिवाशांसही घरे सोडावी लागली. हे सारे ज्यांच्या हातांनी उभे राहिले, ते गवंडी, सेंट्रिंगवाले व बिगारी मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारातून येतात. सकाळी नाक्यावर उभे राहावे, कोणी नेले तर रोजी, न नेले तर उपास. पावसाळ्यात काम थांबते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा अशी कित्येक कुटुंबे पायी गावाकडे निघाली, हे आपण पाहिले आहे. त्यांच्यापाशी गावकीची खोली नव्हती.

अशा कुटुंबांस भिक्षा नको असते. हवा असतो एक लिहितावाचता शेजारी. गावच्या शिधापत्रिकेवर येथील दुकानातही धान्य मिळते, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद होण्यास मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मालक पाहणाऱ्याने तो कोठून आणावा, हे त्यास कोणी तरी समजावून सांगावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलास प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. परंतु तो बापास वाचून कोण दाखविणार? हे काम आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांस सहज करता येईल.

काही सभासद म्हणतात, 'ज्ञातीच्या पैशाने बांधलेली वास्तू ज्ञातीसाठीच असावी.' त्यांची भावना आम्ही जाणतो. एकेका कुटुंबाने पोटास चिमटा घेऊन वर्गणी दिली आहे. लग्नकार्ये व हळदीकुंकू यांस प्रथम मान राहीलच. परंतु वर्षातील बहुसंख्य दिवस सायंकाळी या दारास कुलूप असते. आमची सूचना एवढीच की आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी दोन तास, येथे एक टेबल, चार खुर्च्या व मुलांसाठी सतरंजी घालावी आणि येणाऱ्यास जात विचारू नये. खर्च विजेच्या बिलापुरता. तो आम्ही काही निवृत्त मंडळी वाटून घेऊ.

लीगच्या रात्रशाळेने आपल्या वडीलधाऱ्यांस जात विचारली असती, तर आपणांतील कित्येक घरांत अक्षर उशिरा शिरले असते. ते ऋण ज्यांनी दिले त्यांस आता फेडता येत नाही. पुढच्यासच द्यावे लागते. सभेत हा ठराव येईल तेव्हा आपण त्यास अनुकूल मत द्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.