गोधडीची बैठक
(महिला मंडळाच्या दोन दिवसांच्या गोधडी-मेळाव्याच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



दोन दिवस आपल्या समाजमंदिरात सुईदोऱ्याचा जो सोहळा चालला, त्याच्या समारोपाचे काम मजकडे सोपविल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. हा मेळावा ठरला तेव्हा एका सद्गृहस्थांनी पृच्छा केली होती, "बाजारात तयार रजया मिळत असता बायकांनी दोन दिवस घर सोडून चिंध्या शिवत कशाला बसावे?" आपण पडलो शिंपी. सुई हे आपल्या पोटाचे साधन, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे निघावा हे स्वाभाविकच होय. त्याचे उत्तर देण्याचा अल्पसा यत्न करतो.

मोठी गोधडी ही एकटीने उरकण्याची वस्तू नव्हे. खाली जुने लुगडे अंथरावयाचे, त्यावर जीर्ण धोतरे, चादरी, दुकानातील कातरण सुरकुती न पडू देता पसरावयाची, वर पुन्हा लुगडे घालावयाचे आणि कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे. एक बाजू ओढली गेली की दुसरीकडे फुगवटा आलाच. चौघी चार बाजूंना बसल्या म्हणजे थर जागचे हलत नाहीत. शिवाय हात गुंतले की मन मोकळे होते. डोळे टाक्यावर असल्यामुळे अंतरीची गोष्ट बोलावयास संकोच वाटत नाही.

या दोन दिवसांत मी हेच पाहिले. शाळकरी मुली आज्यांना सुया ओवून देत होत्या, आज्या त्यांना टाका शिकवीत होत्या. एका सूनबाईंनी दिवंगत सासूबाईंचे लुगडे आणले होते. त्यास कात्री लावण्यास त्यांचा हात धजेना. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "अगं, कापतेस कशाला? अखंडच वर घाल. सासू पांघरूण घालील तुला!" सगळ्या हसल्या, आणि हसता हसता कित्येकींनी पदर डोळ्यांस लावला. दुसऱ्या एक भगिनी म्हणाल्या, "घड्याळाकडे न पाहता जेवण्याचे सुख कित्येक वर्षांनी लाभले." पृच्छा करणाऱ्या सद्गृहस्थांनी या एका वाक्याचा विचार करावा.

अमेरिकेतही ही रीत जुनी आहे. तेथील स्त्रिया तुकडे जोडण्याचे काम घरी करीत. थर शिवण्यासाठी मात्र शेजारणींसह एका चौकटीभोवती जमत. आजही तेथील हौशी स्त्रिया दोन-चार दिवस घराबाहेर एकत्र राहून शिवणकाम करतात. त्याच देशात अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात मतदानाचा हक्क मागितला म्हणून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांवर राहते घर सोडण्याची पाळी आली होती. तेथील स्त्रियांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून संसारास हातभार लावला. त्या परगण्यातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकल्या. चिंध्यांनाही असा मान मिळतो!

परंतु कमाई वा कीर्ती हेच प्रयोजन नव्हे. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे 'फूल' लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. त्या फुलाने ऊब तिळभरही वाढत नाही, तरी ते हवेच. आमच्या भगिनींनी परस्परांच्या सहवासात आनंदाने घालविलेले हे दोन दिवस म्हणजे संसाराच्या गोधडीचे असेच फूल होय. त्याचा उपयोग काय, असे विचारू नये.

पूर्वी ही बैठक अंगणात भरे. आता बिऱ्हाडे लहान झाली, अंगणे उरली नाहीत. चार बायकांनी गोधडी पसरावी एवढी जागा कोणाच्याच घरी नाही. म्हणून माझी विनंती एवढीच की, दरसाल वैशाखात हे समाजमंदिर दोन दिवस भगिनींच्या स्वाधीन करावे आणि त्या अवधीत घरची चूल पुरुषांनी सांभाळावी. यंदा ज्यांनी ती सांभाळली त्यांना मिठाचा अंदाज अद्याप आलेला नाही, असे ऐकतो. पुढील वर्षी तो येईल.

येथे सिद्ध झालेल्या नऊ गोधड्या वसतिगृहातील मुलांना मिळणार आहेत. थंडीत त्या पांघरताना आपल्यासाठी किती हात एकत्र आले, हे त्या मुलांना अवश्य सांगावे.