गुंडाळी उलगडा, मग पंप उचला

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना येथे जमलेल्या शेतकऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



अंतरवाली सराटीचे नाव २०२३ सालापासून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आज आम्ही त्या मोठ्या प्रश्नावर बोलायला उभे नाही. आज बोलायचे आहे एक इंच लांबीच्या अळीबद्दल. विषय लहान वाटेल, पण शेतकऱ्याच्या खिशाला भोक पडते ते अशा लहान विषयांनीच.

श्रावण-भाद्रपदात कपाशीत किंवा भेंडीत गेलात की एखाद्या झाडाचे पान कडेने वळून पुंगळीसारखे झालेले दिसते. कोणी म्हणतो कोकडा आला, कोणी म्हणतो बोंडअळी. तिसरा काही न म्हणता ते पान खिशात घालतो आणि दुकानाची वाट धरतो. दुकानदार पान बघतो, न बघतो, आणि दोन बाटल्या पुढे सरकवतो. त्या पानाच्या आत काय आहे, हे ना घेणाऱ्याने पाहिले, ना देणाऱ्याने. आमचे म्हणणे एवढेच आहे की आधी ते पान उलगडून बघा.

ही अळी कोण?

कपाशीची पाने गुंडाळणारी ही अळी आपल्याकडची जुनी रहिवासी आहे. डेन्मार्कच्या फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ सालीच या पतंगाला नाव देऊन ठेवले. शास्त्रीय पुस्तकांत त्याला पूर्वी सायलेप्टा डेरोगाटा म्हणत, आता हॅरिटॅलोडिस डेरोगाटा म्हणतात. नाव पाठ नाही झाले तरी चालेल, ओळख पक्की पाहिजे.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता सगळीकडे पसरली. ती परकी. आल्या आल्या तिला आवर घालणारे तिचे जुने वैरी इथे नव्हते. आपल्या पाने गुंडाळणाऱ्या अळीचे तसे नाही. ती जितकी जुनी, तितकेच तिचे वैरीही जुने. त्या वैऱ्यांना आपण जगू देतो का, हा खरा प्रश्न आहे.

तिचा संसार कसा चालतो

पतंग रात्री हिंडतो आणि दिव्यावर येतो. पंख पसरले की इंचभर, थोडा अधिक. रंग पिवळसर पांढरा, त्यावर तपकिरी नागमोडी रेघा, आणि डोक्यावर व पाठीच्या पुढच्या भागावर काळे ठिपके. अंगणातल्या दिव्याखाली असा पतंग दिसला तर समजावे की आठवड्याभरात कपाशीकडे नजर टाकली पाहिजे.

मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक करून अंडी घालते. सगळी मिळून दोनशे-तीनशे. दोन ते सहा दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या सुरुवातीला पानाच्या खालूनच खातात, तेव्हा गुंडाळी नसते. म्हणून पान पालथे करून पाहणाऱ्यालाच त्या दिसतात. जरा मोठ्या झाल्या की तोंडातून रेशमासारखा धागा काढून पानाची कड मध्यशिरेकडे ओढतात आणि पुंगळी करून आत बसतात. घर तेच आणि जेवणही तेच. एक पान खाऊन झाले की दुसरे. दोन ते चार आठवड्यांत वाढ पुरी होते. मग त्या गुंडाळीतच किंवा खाली पाचोळ्यात कोष होतो आणि सहा ते बारा दिवसांत पतंग बाहेर पडतो. साधारण महिना-दीड महिन्यात एक फेरा पुरा. हंगामात असे अनेक फेरे होतात.

पाऊस जास्त झाला, कपाशी दाटली, बांधावरच्या झाडाची सावली पडली, की हिचे फावते. देशी कपाशीच्या बारीक फाट्यांच्या पानापेक्षा अमेरिकन कपाशीचे रुंद पान हिला अधिक मानवते. कपाशी नसेल तेव्हा भेंडी, अंबाडी आणि बांधावरची पेटारी यांवर ती दिवस काढते.

आताच हे का सांगायचे?

बी.टी. कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. बी.टी.चे विष या अळीवरही चालते. त्यामुळे गेल्या वीस-बावीस वर्षांत कपाशीत तिचे दर्शन कमी झाले. ज्यांनी १९८०-९० च्या काळात कापूस केला ते तिला ओळखतात. त्यांच्या पोरांनी तिला नीट पाहिलेलेच नाही. आज ती दिसते ती भेंडीत, देशी कपाशीत किंवा बी.टी.च्या शेतातल्या बिगर-बी.टी. झाडांवर. अशा एखाद्या झाडावर चार गुंडाळ्या दिसल्या की तरुण शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने केलेला घात त्याच्या डोळ्यापुढे असतो, आणि सगळ्या रानावर फवारा बसतो.

पण गुलाबी बोंडअळी पान गुंडाळत नाही, ती बोंडाच्या आत असते. तिचा तपास पात्यात, उमलत्या फुलात आणि बोंडात करायचा. गुंडाळी पाहून बोंडअळीचे औषध मारणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला लेप लावणे.

चार खुणा

पान उलगडल्यावर काय दिसते, त्यावरून निवाडा करा.

पहिली खूण. आत धागे आहेत, काळ्या लेंड्या आहेत आणि चकचकीत, फिकट हिरवी, काळसर डोक्याची अळी हात लागताच झटकन मागे सरते. हीच आपली पाने गुंडाळणारी अळी.

दुसरी खूण. पान वाटीसारखे वळले आहे, कडा पिवळ्या किंवा तांबूस झाल्या आहेत, पण आत धागा नाही आणि लेंडीही नाही. मग ते तुडतुडे किंवा फुलकिडे यांचे काम. पानाच्या खाली बघा. तुडतुडे हिरवट असतात आणि तिरके चालतात. या रस शोषणाऱ्या किडी आहेत, त्यांचा इलाज निराळा.

तिसरी खूण. पान दुमडलेले, आत धागे आहेत, पण लेंड्या नाहीत आणि मालक आठ पायांचा. तो कोळी. तो आपला बिनपगारी राखणदार आहे. त्याला हात लावू नका.

चौथी खूण. अळी मेलेली किंवा सुस्त, आणि तिच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष. एका बारीक गांधीलमाशीने आपली अंडी या अळीच्या अंगात घातली होती, तिची पिले अळीला आतून खाऊन बाहेर पडली, त्यांचे हे कोष. असे कोष दिसले तर तुमच्या रानात फवारा आधीच चालू आहे, आणि त्याचे बिल येत नाही.

तुरीबद्दल दोन शब्द. तुरीच्या शेंड्याची पाने धाग्याने चिकटवून आत बसणारी बारीक पिवळसर अळी वेगळी. ती शेंडा खाते, मग तूर बाजूने फुटते, आणि बहुधा पीक सावरते. पण तूर फुलावर असताना फुले आणि कोवळ्या शेंगा जाळ्यात गुंतलेल्या दिसल्या, तर ती शेंगा पोखरणारी मारुका अळी. तिथे वाट बघत बसायचे नाही. जाळे दोन्हीकडे आहे, नुकसान मात्र सारखे नाही.

मग करायचे काय?

गुंडाळीत बसलेल्या अळीपर्यंत वरून मारलेला फवारा नीट पोचत नाही. तो पोचतो उघड्यावर फिरणाऱ्या मित्रकिडींपर्यंत. त्या मेल्या की मावा आणि पांढरी माशी यांना रान मोकळे. मग दुसरी बाटली, मग तिसरी. हा खर्च भावात मिळत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आणि खर्च केवळ पैशाचा नाही. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जी फवारणी टाळता येते ती टाळणे म्हणजे घरातला माणूस जपणे आहे.

गुंडाळ्या तुरळक असतील तर हाताने तोडा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, किंवा पान न तोडता गुंडाळी बोटांत दाबून अळी चिरडा. पांढरे कोष असलेली पाने मात्र रानातच राहू द्या. अंडी आणि बारीक अळ्या दिसत असतील तेव्हाच पाच टक्के निंबोळी अर्क मारा. पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करायचे. निंबोळी आपल्याच बांधावरची. हंगाम संपला की पऱ्हाटी आणि पाचोळा रानात ठेवू नका, उरलेल्या अळ्या त्यातच दडतात. एवढे करूनही झाडामागून झाड गुंडाळत चालले, तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात अळीसकट पान दाखवा आणि मगच औषध ठरवा.

शेवटी मायबहिणींसाठी. खुरपणीला, निंदणीला ओळीत वाकून तुम्ही चालता. पानाची खालची बाजू जितकी तुमच्या डोळ्याखालून जाते तितकी बांधावरून बघणाऱ्या मालकाच्या जात नाही. पहिली गुंडाळी तुम्हालाच दिसते. पण औषध कोणते आणायचे हे ठरवताना तुम्हाला कोणी विचारीत नाही. यापुढे घरात बाटली येण्याआधी तुम्हीच विचारा, "पान उलगडले होते का? आत काय होते?" उत्तर आले नाही तर पैसे सोडू नका.

उद्या सकाळी जो तो आपल्या रानात जाऊन वेगवेगळ्या जागची वीस झाडे बघेल, पाने पालथी करील, गुंडाळ्या उलगडील, आणि जे दिसेल ते संध्याकाळी पारावर सांगेल. दहा जणांनी असे सांगितले की गावाला आपल्या शिवाराची खबर लागते. ती खबर दुकानात विकत मिळत नाही.