सर्व्हरची जागा वाढवताना

श्रोतेहो, पीक वाढलं की कणगी अपुरी पडते. शाळा-कॉलेजातल्या सर्व्हरचंही तसंच आहे. निकाल, दाखले, छायाचित्रं साठत जातात आणि जागा वाढवावी लागते.

अशा सर्व्हरमध्ये पुष्कळदा अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या असतात. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधात ती मांडली.

तिच्यातला ‘रेड पाच’ हा प्रकार पाहू. ४ टेराबाइटच्या चार डिस्क असल्या, तर वापराला १२ मिळतात. उरलेली जागा ताळ्याला जाते. ५, ७ आणि ४ यांची बेरीज १६ लिहून ठेवली, तर पुसलेला ७ वजाबाकीनं परत मिळतो ना? तसंच हे. एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहते. दोन बिघडल्या तर मात्र इलाज नाही.

पाचवी डिस्क जोडली की १६ टेराबाइट होतात. पण लगेच नव्हे. सगळी माहिती पाचांवर नव्यानं वाटली जाते. त्याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. त्यानंतर फाइल-व्यवस्था वेगळी वाढवावी लागते. जुन्या काढून मोठ्या डिस्क बसवायच्या, तर एकेकच बदला. पहिली पुरती भरल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

आणि शिक्षकबंधूंनो, ताळा म्हणजे नक्कल नव्हे. चुकून पुसलेली यादी ताळा परत देत नाही. म्हणून आधी सगळ्याची नक्कल दुसरीकडे ठेवा, ती उघडून पाहा, मगच कामाला लागा. गावातल्या मुलाला वीस वर्षांनी दाखला लागेल, तेव्हा तो आपल्यापाशी सापडला पाहिजे.