भुईमुगाचे आम्ल आणि भाषेचे सामर्थ्य



मराठीच्या प्राध्यापकाने एका आम्लाविषयी बोलावे, हे आपणांस धाडसाचे वाटेल. परंतु त्या आम्लाची कथा ही एका शब्दाचीही कथा आहे.

अ‍ॅराकिडिक आम्ल म्हणजे वीस कार्बन-अणूंची लांब साखळी असलेले संपृक्त मेदाम्ल. आग्नेय आशियातील रांबुतान फळाच्या बियांत ते विपुल असते; शेंगदाण्याच्या तेलात मात्र शेकडा एक-दोन भागच. तरीही नाव मिळाले ते भुईमुगाच्याच 'अ‍ॅराकिस' या शास्त्रीय नावावरून, आणि तेही मूळचे एका ग्रीक कडधान्याचे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. अनेक भाषांनी आपल्या ओळखीच्या कडधान्याशी नाते जोडून त्याला घरात घेतले. मराठीने 'भुईमूग' म्हटले. तेलुगूने 'वेरुशनग', म्हणजे मुळाशी येणारा हरभरा. पंडितांनी ग्रीकच्या आधाराने जे केले, तेच आपल्या शेतकऱ्यांनी आपल्या बोलीत केले.

या आम्लाचे सामर्थ्य त्याच्या प्रमाणात नाही. तेलाचे साबणीकरण करून आम्ले मोकळी करावीत, मद्यार्कात विरघळवून हळूहळू थंड होऊ द्यावीत. अ‍ॅराकिडिक आणि त्याहून लांब साखळीची त्याची भावंडे प्रथम वेगळी होतात व द्रव गढुळतो. शुद्ध शेंगदाणा तेलात हे ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडावे, असे आपले अन्नमानक सांगते. स्वस्त तेल मिसळले की हा अंक बहुधा ढळतो. हीच बेलियर कसोटी. अल्पसंख्य घटकच साऱ्या तेलाची ओळख पटवितात!

आता मूळ प्रश्न. हे सारे मी आपणांस मराठीत सांगितले. कोठे अडले काय? तरीही विज्ञान आपल्या भाषेत मावत नाही, असे आपणच मुलांना सांगत असतो. याच शहरात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने रसायनशास्त्र उर्दूतून शिकविले आणि त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडविले. १९४८ नंतर ते माध्यम गेले. पण भारतीय भाषेस हे साधते, ही साक्ष मागे राहिली.

हैदराबादेत मराठी भाषकही अल्पच. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपण डॉक्टर असा, अभियंते असा. आपल्या विषयावर वर्षातून एकदा तरी या शाळेतील मुलांशी मराठीत बोला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.