मदतनिधीचा पैसा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी खजिनदारांनी केलेले भाषण)



खजिनदार बोलावयास उभी राहिली की आता आकडे ऐकावे लागणार, असे पुष्कळजणींना वाटते. आज आकडे थोडेच सांगेन. परंतु गोष्ट आपल्याच तिजोरीतील आहे, आणि तिच्यात माझी चूकही आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा आपण घरोघर फिरून निधी जमविला. एका गावच्या शाळेतील मुलींना दप्तरे आणि वह्या-पुस्तके द्यावयाची ठरली. निम्मे पैसे खर्च झाले, तोच तेथील मुख्याध्यापिकाबाईंचे पत्र आले: "आता पाठवू नका. तीन ठिकाणांहून दप्तरे आली. एकेकीला दोन दोन झाली." अकरा हजार चारशे रुपये शिल्लक राहिले. त्याच पावसात आपल्या सभागृहाचे छप्पर गळत होते. "हे पैसे छपराला लावू, तेही पावसानेच केलेले नुकसान," अशी सूचना कार्यकारिणीत आली. सूचना कोणाची? माझीच.

तेव्हा एक ज्येष्ठ काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, पेटीत एकावन्न रुपये टाकणाऱ्या भाजीवालीला तू काय सांगून पैसे घेतलेस?" मला उत्तर सुचले नाही.

पुढे वाचनात आले की, हाच प्रश्न जगातील मोठमोठ्या संस्थांनाही पडतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने तामिळनाडूपासून इंडोनेशियापर्यंतचे किनारे उद्ध्वस्त केले. चित्रे घरोघर दिसली आणि जगभरातून पैशाचा पूर लोटला. नंतर झालेल्या संयुक्त मूल्यमापनात असे आढळले की, त्सुनामीग्रस्तांसाठी माणशी सात हजार शंभर डॉलरांहून अधिक मदत जमा झाली. त्याच २००४ साली बांगलादेशात पूर आला, तेथे माणशी अवघे तीन डॉलर! भूक दोन्हीकडे सारखीच. परंतु लोकांनी पैसे दिले ते त्सुनामीचे नाव घेऊन.

'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या वैद्यकीय संस्थेने त्या वेळी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. जानेवारी २००५ च्या सुरुवातीसच तिने जाहीर केले, "त्सुनामीच्या आमच्या कामापुरते पैसे मिळाले, यासाठी आता देऊ नका." आणि ज्यांनी दिले होते त्यांना विचारले, "तुमचे पैसे दुसऱ्या संकटात वापरू का?" बहुतेकांनी आनंदाने होकार दिला, परत मागणारे फारच थोडे निघाले. देणारा माणूस हट्टी नसतो. त्याला कोणी विचारीत नाही, एवढेच त्याचे दुःख असते.

ही झाली देणाऱ्याची बाजू. आता घेणाऱ्याची पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून दमून निजलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मी तेव्हा मंडळात नवीन होते. आम्ही कपड्यांची गाठोडी बांधली. काय नव्हते त्यांत? झिरझिरीत ओढण्या, उंच टाचांच्या चपला, एका लग्नातला जरीचा कोट! लुगडे नेसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांना त्यांचा काय उपयोग? आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. आम्ही आपली कपाटे मोकळी केली आणि त्याला दान म्हटले.

त्याच भागात पुढे विचारण्याचे काम बायकांनीच करून दाखविले. पूर्ण पडलेली गावे नव्या जागी वसविली गेली. परंतु तडे गेलेली घरे शेकडो गावांत होती. त्यांच्या दुरुस्तीसाठी शासनाने कुटुंबांना पैसे द्यावयाचे ठरविले. पण पैसे कोणाला, किती, कशासाठी, हे गावात कोणालाच धड ठाऊक नव्हते. तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' झाल्या. आपल्यासारखीच मंडळे, भगिनींनो! त्यांनी घरोघर जाऊन हक्काची रक्कम सांगितली, भिंत मजबूत कशी करावी ते शिकून शिकविले आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. २००१ साली कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या ह्याच बाया तेथील भगिनींना अनुभव सांगावयास गेल्या.

आणखी एक. "पैसे दिले, ते अजून बँकेत पडून कसे?" असे आपण रागाने विचारतो. प्रत्येक वेळी त्यात काळेबेरे असतेच असे नाही. पहिल्या आठवड्यात अन्न, पाणी व औषध लागते. घर उभारावयास वर्षे लागतात. सगळा पैसा पहिल्या महिन्यातच वाटला, तर पुढच्या पावसाळ्यात त्या माणसाच्या डोक्यावर काय राहील? मालमोटारीचे भाडे, गोदाम, हिशेबनीस यांनाही खर्च येतो. तो लपवू नये, आणि पाहून आपण बिचकूही नये. हिशेब मात्र जरूर मागावा.

आता आपल्या अकरा हजार चारशे रुपयांचे काय झाले? जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. पावतीपुस्तक काढून आम्ही प्रत्येक देणाऱ्याकडे गेलो. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, पाण्यात बुडालेलं घर कुठलंही असो, माझं काही म्हणणं नाही. पण विचारायला आलात, हे बरं वाटलं." एकीचे माहेर मिरजेकडचे, तिने आपले एकशे एक रुपये तिकडेच जावेत असे सांगितले. ते तिकडेच गेले. बाकीचे चिपळूणला, पण तेथील बायांना आधी विचारून. त्यांनी कपडे मागितले नाहीत, दप्तरे मागितली नाहीत. त्यांनी चिखल काढावयाची फावडी आणि झाडू मागितले!

छपरासाठी आपण पुढे निराळी वर्गणी काढली, तिचे नाव 'छप्परनिधी' असेच ठेवले. ते आता गळत नाही, हे आपण पाहताच आहात.

माझे मागणे एवढेच की, यापुढे मंडळाने निधी जमविताना पावतीवरच लिहावे: शिल्लक उरल्यास कोठे वापरावी? आणि एक पैसाही पाठविण्यापूर्वी तेथील बायांना विचारावे. पैसा मंडळाचा नव्हे. वाटेत काही दिवस तो आपल्या हाती असतो, इतकेच.